फुलणारा चहा सासूबाईंना द्यावा का?

नौपाड्यातून विचारतेय. सासूबाईंची पंचाहत्तरी आहे. फुलणाऱ्या चहाचे गोळे (गरम पाण्यात फुलासारखे उमलतात ते) द्यावेत म्हणते, पण त्यांना आलं ठेचून उकळलेलाच चहा लागतो. पैसे पाण्यात तर नाही ना जाणार?

— द्या, पण काचेची किटली सोबत हवीच. मी स्टीलच्या भांड्यात केला. झाकण काढलं तर नुसता ओला पाला!

— ताई, चीनमध्ये हिरव्या चहाची पानं सुकलेल्या फुलाभोवती हाताने दोऱ्याने बांधतात. गरम पाण्यात ३-४ मिनिटांत गोळा उमलतो. वाशीला आमच्याकडे आतून झेंडू निघाला, आईला थेट दसराच आठवला! चव मात्र बेताची. त्याच गोळ्यावर दुसऱ्यांदा पाणी ओता, चालतं.

— किटली घेतली. आता ‘यात दूध घालू नका’ हे त्यांना कोणी सांगायचं?