मदत हवी आहे: मुलगी आठवीला, मराठी हायस्कूल घालू की गावाजवळचं कन्नड? (खानापूर तालुका, जि. बेळगाव, कर्नाटक)

चंदगडची_लेक:

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण हायस्कूल सुरू व्हायला आठच दिवस राहिलेत आणि घरात रोज रात्री जेवताना हाच विषय निघतोय, त्यामुळे इथं विचारून बघावं म्हटलं.

माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर इकडं खानापूर तालुक्यात. लेक आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत सातवी पास झाली, ७८ टक्के. शाळा सातवीपर्यंतच आहे. आता दोन रस्ते आहेत. एक म्हणजे दोन किलोमीटरवरचं कन्नड मिडियम हायस्कूल, चालत जाता येतं, तिच्या वर्गातल्या तिघीजणी तिकडंच चाललेत. दुसरं मराठी मिडियमचं, पण ते चौदा किलोमीटरवर आणि बसनं जायचं. बस फाट्यावर येते, घरापासून फाटा दीड किलोमीटर. पावसाळ्यात आमच्याकडं कसा पाऊस असतो ते जांबोटी-कणकुंबी भागातल्यांना वेगळं सांगायला नको.

ह्यांचं म्हणणं कन्नडला घाला, राहायचं इथंच आहे, उद्या ऑफिसात, बँकेत, कुठंही कन्नड लागतंय, आपल्यासारखं तिचं अडायला नको. सासूबाई म्हणतात मराठीच, पण त्यांच्या म्हणण्यामागं पोरगी लांब नको हेही आहे, आणि मराठी तर लांबच आहे, त्यामुळे त्या स्वतःच गोंधळलेत. लेकीला विचारलं तर म्हणते आई तू सांगशील तिथं. हे ऐकलं की मला जास्तच टेन्शन येतं.

खरी अडचण माझीच आहे म्हटलं तरी चालेल. मला कन्नड बोललेलं थोडं कळतं, बाजारात भागतं, पण वाचता अजिबात येत नाही. गेल्या वर्षी एका ऑफिसात तिच्या दाखल्यासाठी गेले होते, सगळा फॉर्म कन्नडमध्ये, तिथल्या माणसानं बोट ठेवून इथं सही करा म्हटलं, मी केली. घरी आल्यावर शेजारच्या पोरानं वाचून सांगितलं की तिची जन्मतारीखच चुकीची पडलीय आणि मी त्याच्याच खाली सही केलीय. ते दुरुस्त करायला तीन फेऱ्या झाल्या, तीन दिवसांची मजुरी गेली. तेव्हापासून मनात बसलंय की हिचं असं व्हायला नको. पण म्हणून सगळा अभ्यासच कन्नडमधून करायला लावायचा का, हे कळत नाही. गणित, विज्ञान तिला मराठीतून छान जमतं. कन्नड विषयात मात्र जेमतेम पास होते. अजून म आणि व मध्ये गोंधळते, वहीत बघितलं तर प्रत्येक ओळीत बाईंचा लाल गोल.

तर विचारायचं असं:
आठवीत मिडियम बदललेलं पोरांना झेपतं का? मराठी मिडियमला घातली तर कन्नड कसं सुधारायचं, घरी शिकवणारं कुणी नाही? आणि बसनं जाणाऱ्या मुलींच्या आईवडिलांनी सांगा, पावसात कसं करता?

जांबोटी_मोड:

ताई, बसचं मी सांगतो. माझी दोन्ही पोरं बसनंच गेली. मुलींना तिकिटाचं टेन्शन नाही, जून २०२३ पासून शक्ती योजनेत साध्या बसला शून्य तिकीट मिळतंय, आधार कार्ड जवळ ठेवायला सांगा, झेरॉक्सवर काही कंडक्टर ऐकत नाहीत. (मुलगा असता तर पास काढायला लागला असता, ते वेगळं.) पण गर्दी लै वाढलीय, सकाळच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून शक्य असेल तर एक गाडी आधीची धरायची सवय लावा. शाळेत लवकर पोचून पोरं आपली बसतात कट्ट्यावर, गृहपाठ तिथंच उरकतात.

पावसाचं म्हणाल तर पुस्तकं आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग दप्तरात, उलटं नको. वर कव्हर घातलं तरी पाठीकडनं पाणी शिरतं. एक जोडी सुके मोजे डब्याच्या पिशवीत. आणि फाट्यापर्यंत एकटी पाठवू नका, दोघीतिघी मिळून जातील असं बघा. शेजारच्या वाडीतलं कुणी नववी-दहावीला असेल तर त्यांच्या आईला आत्ताच जाऊन भेटा.

निवृत्त_मास्तर:

बेटा, मी मराठी मिडियम हायस्कूलला बरीच वर्षं शिकवलं आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी मिडियमचं. आठवीत बदल केलेली मुलं मी दोन्ही बाजूंनी बघितली. ज्यांना कन्नड घरात, गल्लीत, खेळताना येतं ती तरून जातात. तुझ्या मुलीला वाचनच कच्चं आहे म्हणतेस, मग तिला एकदम बरीच ओझी उचलावी लागतील. गणितात आपला त्रिकोण तिथं त्रिभुज होतो, क्षेत्रफळ म्हणजे विस्तीर्ण, अपूर्णांक म्हणजे भिन्नराशी, आणि वर्तुळाला वृत्त म्हणतात. गणित येणारी पोर प्रश्नच न कळल्यानं गप्प बसते आणि मग तिला वाटायला लागतं की आपल्याला गणित येत नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्याचं वाईट वाटतं.

दुसरं, एसएसएलसीला, म्हणजे इकडच्या दहावीच्या बोर्ड परीक्षेला, एकूण ६२५ मार्क असतात, त्यात पहिली भाषा १२५ ची, बाकी पाच विषय शंभर-शंभरचे. कन्नड मिडियमला गेली की ती १२५ ची पहिली भाषा कन्नड होते, आणि त्यात पुढं हळगन्नड, म्हणजे जुन्या कन्नडातल्या कविता पण येतात, त्या कन्नड घरातल्या पोरांनाही जड जातात. आमच्याकडं मराठी पहिली, इंग्रजी दुसरी आणि कन्नड तिसरी भाषा असायची. म्हणजे मराठी मिडियमला घातलीस तर कन्नड सुटत नाही, ती दहावीपर्यंत आहेच, फक्त तिच्या ताकदीप्रमाणे आहे.

आता कन्नड सुधारायचं. हे अवघड नाही, कारण क ख ग घ चा क्रम तोच आहे, ळ सुद्धा आहे. पोरं अडतात ती ठराविक जागी. म आणि व दिसायला भावंडं आहेत, म ला शेवटी जास्तीचा फाटा आहे, तो बोटानं गिरवायला लाव. दुसरं, ए आणि ओ आपल्याकडं एकेकच, तिथं ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे. कोडु म्हणताना ओ आखूड ठेवला तर 'दे', लांबवला तर 'शिंग'. तिसरं जोडाक्षर, दुसरं अक्षर खाली लोंबतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. आणि सगळ्यात जास्त चुका रफाराच्या. आपण सूर्य लिहिताना रफार य च्या डोक्यावर देतो, तिथं र ची खूण य च्या नंतर येते, कन्नड नऊच्या आकड्यासारखी दिसते. पोर डावीकडून वाचत जाते आणि 'सूय' करून थांबते. ही एक गोष्ट कळली की निम्मं वाचन सुटतं.

आठवीचं पुस्तक आत्ता घेऊन बसू नका. तिसरी-चौथीचं कन्नड पुस्तक आणा, रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचायचं, बास. पुस्तक नाही मिळालं तर कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या साईटवर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, मराठी मिडियमची पण आहेत. शाळा सुरू झाल्यावर आधी सेतुबंध असतो, मागच्या वर्गातलं काय येतं ते तपासून उजळणी घेतात. तेव्हाच कन्नडच्या बाईंना किंवा सरांना जाऊन सांग की हिचं वाचन कच्चं आहे. लपवू नकोस. पहिल्या पंधरवड्यात सांगितलं तर शिक्षक लक्ष देतात, सहामाहीनंतर सांगून उपयोग कमी.

निपाणीचा_बाप:

मास्तरांच्या अनुभवापुढं मी काय बोलू, पण दुसरी बाजू पण यावी म्हणून लिहितो. आमचा मुलगा कन्नड मिडियमला आहे, आता दहावीला, चांगलं चाललंय. पण आम्ही त्याला पाचवीतच बदलला, आठवीत नाही, आणि आमच्या गल्लीत अर्धी घरं कन्नड आहेत. पहिलं वर्ष तो शाळेतनं येऊन रडायचा हेही खरं. त्यामुळे भाऊजींचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त वेळ गेलीय असं वाटतं. वहिनी, तुमच्या मुलीच्या मैत्रिणी तिकडं चाललेत हे मात्र हलक्यात घेऊ नका, त्या वयात मैत्रिणी सुटणं लागतं मनाला. रविवारी त्यांना एकत्र खेळू-बसू द्या, उलट त्यांच्याकडनं हिचं कन्नड पण सुधारेल.

मलप्रभा_काठ:

मी स्वतः मराठी मिडियमनं एसएसएलसी केलं, आता बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. ताई, माझं एकच सांगणं आहे, कन्नडची जेवढी काळजी करताय तेवढीच इंग्रजीची करा. पीयुसी (अकरावी-बारावी) सायन्सला सगळं इंग्रजीत येतं, मराठीवाल्यांना पण आणि कन्नडवाल्यांना पण, पहिले चार महिने दोघांचे सारखेच हाल. मी नववीपासून विज्ञानाच्या वहीत प्रत्येक धड्याच्या शेवटी इंग्रजी शब्द लिहून ठेवायचो, त्याचा मला खूप उपयोग झाला.

आणि एनएमएमएस ही स्कॉलरशिपची परीक्षा विसरू नका, आठवीतच असते. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांना, सातवीत ५५ टक्के लागतात, तुमच्या मुलीला ७८ आहेत म्हणजे बसता येतं. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखाच्या आत पाहिजे. पास होऊन यादीत नाव आलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० मिळतात. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं (महसूल खात्याचं ऑफिस) आत्ताच काढून ठेवा, अर्जाच्या वेळी गर्दी होते. आणि ह्यावेळी सही करायच्या आधी नाव, जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून बघा.

चंदगडची_लेक:

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री ह्यांना सगळं वाचून दाखवलं. मास्तरांचं त्रिभुज-विस्तीर्ण ऐकून ते गप्प झाले, मग लेकीला हाक मारून म्हणाले, वृत्त म्हणजे काय गं? ती म्हणाली बातमी. तिथंच ठरलं. मराठी हायस्कूलला घालतोय, उद्या टीसी आणायला जाते.

सर, एक विचारू का, मला पण शिकता येईल का हो कन्नड वाचायला? माझं वय ३६ आहे. तिच्याबरोबरच बसेन म्हणते.

निवृत्त_मास्तर:

येईल की. तुला तर मराठी येतं, म्हणजे निम्मे शब्द ओळखीचे निघतील. शाळेच्या कागदावर परीक्षे, प्रवेश, दिनांक, समय, रजे हेच शब्द फिरून फिरून येतात. पोषकर सभे म्हणजे पालकांची मीटिंग. वर्गावणे पत्र म्हणजे तुझी ती उद्याची टीसी, उद्या हातात आली की वरची ओळ वाचून बघ. बसच्या पाट्या वाच. गावांची नावं तुला माहीतच आहेत, त्यामुळे अक्षर कुठलं ते आपोआप कळतं. घाईची वेळ असेल तर मोबाईलमधलं गूगल लेन्स कागदावर धर, अर्थ अंदाजे कळतो, पण सही करायच्या कागदाला तेवढ्यावर विसंबू नकोस, कुणाकडून तरी वाचून घे.

चंदगडची_लेक:

पंधरा दिवसांनी लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल म्हणून.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी फाट्यापर्यंत गेले होते, शेजारच्या वाडीतल्या नववीतल्या दोघी भेटल्या, आता तिघी बरोबर जातात. दोन दिवस घरी आल्यावर डबा तसाच, म्हणाली भूक नव्हती. तिसऱ्या दिवशी शाळेतलं जेवण जेवली, ओळखी झाल्या वाटतं. कन्नडच्या बाईंना मी भेटून सांगितलं, त्यांनी तिला पहिल्या बाकावर बसवलंय. चौथीचं पुस्तक आम्ही दोघी वाचतो, चूल पेटवली की ती मोठ्यानं वाचते आणि मी मागनं. म आणि व आता जमतात. रफाराला ती मला थांबवते, आई मागं जा, मागं जा म्हणते.

काल शाळेच्या ग्रुपवर एक कागद आला, कन्नडमध्ये. कुणाला न विचारता बसले वाचत. पोषकर सभे कळलं, दिनांक कळला, शनिवार कळला. शेवटच्या ओळीत एक शब्द आहे तप्पदे, तो काही लागला नाही, लेन्स मुद्दाम लावली नाही. सर, तप्पदे म्हणजे काय?

निवृत्त_मास्तर:

न चुकता. न चुकता हजर राहावे असं लिहिलंय.

चंदगडची_लेक:

जाते सर. सकाळच्या गाडीनं तिच्याबरोबरच जाते.