शेवटच्या सेकंदाची शिट्टी: वाजवायची की गिळायची?

कोपऱ्यातला_थ्री
मार्च उजाडला की अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल पाहणाऱ्यांत एक भांडण हमखास पेटतं. सामना एका बास्केटवर येऊन ठेपलेला असताना रेफ्रीने फाऊल द्यावा का? "निकाल खेळाडूंना लावू द्या" हे तर समालोचकांचं पेटंट वाक्य. माझं मत नेमकं उलट आहे. पहिल्या मिनिटाला जो नियम, तोच शेवटच्या सेकंदाला. न वाजवलेली शिट्टी हाही निर्णयच असतो आणि त्यातही कुणाचं तरी भलं होतंच.

उदाहरण म्हणून ६ एप्रिल २०१९ घ्या. मिनियापोलिस, फायनल फोर (म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेची सेमीफायनल), व्हर्जिनिया विरुद्ध ऑबर्न. पाचेक मिनिटं उरली असताना व्हर्जिनिया दहाने पुढे. तिथून ऑबर्नने सलग १४ गुण मारून ६१-५७ केलं. व्हर्जिनियाच्या काइल गायने थ्री (लांबून फेकलेलं तीन गुणांचं बास्केट) टाकून अंतर एकावर आणलं, ऑबर्नच्या जॅरेड हार्परने दोन फ्री थ्रोंपैकी (फाऊलबद्दल मिळणारी, एकेका गुणाची मोकळी फेक) एक टाकला, ६२-६०. शेवटी दीड सेकंद उरला असताना चेंडू कोपऱ्यात गायकडे आला, त्याने उडी मारून थ्री फेकला, तो हुकला, आणि ऑबर्नची पोरं नाचायला लागली. पण शिट्टी आधीच वाजली होती. ऑबर्नच्या समीर डाउटीने (नाव समीर असलं तरी आपल्याकडचा नव्हे) हवेतल्या गायच्या अंगात शिरून त्याला धक्का दिला होता. घड्याळात ०.६ सेकंद. गायने तिन्ही फ्री थ्रो टाकले आणि व्हर्जिनिया ६३-६२ने जिंकलं. दोन दिवसांनी टेक्सस टेकला हरवून विजेतेपदही घेतलं.

तो फाऊल होता. फेकणाऱ्याला खाली उतरायला जागा द्यायची असते, डाउटीने दिली नाही. एनसीएएचे (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) तेव्हाचे पंचप्रमुख जे. डी. कॉलिन्स यांनीही नंतर निर्णय बरोबर असल्याचं सांगितलं. मग "शेवटच्या क्षणी द्यायला नको होता" या आक्षेपाला अर्थ काय उरतो?

अलाबामाचा_पाहुणा
तुम्ही सोयीस्करपणे पाच सेकंद गाळलेत.

हार्परच्या फ्री थ्रोनंतर व्हर्जिनियाचा टाय जेरोम चेंडू घेऊन वर येत होता. चेंडू पाठीमागून नेताना त्याच्याच टाचेला लागून उडाला. त्याने तो दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा ड्रिबल सुरू केला, म्हणजे चेंडू आपटत न्यायला लागला. शाळेतल्या पीटीच्या तासालाही याला डबल ड्रिबल म्हणतात. शिट्टी नाही! ती वाजली असती तर चेंडू ऑबर्नचा, दोन गुणांची आघाडी, वेळ जवळपास संपलेला. तुमचा तो कोपऱ्यातला थ्री झालाच नसता.

म्हणजे त्याच काही सेकंदांत एका संघाची ढळढळीत चूक दिसली नाही आणि दुसऱ्याची कंबरेला कंबर लागलेली दिसली. "नियम तोच" म्हणता ना? मग तो दोघांना लावा. मी ऑबर्नलाच शिकलोय, त्यामुळे माझा राग निष्पक्ष नाही हे आधीच सांगून ठेवतो.

कोपऱ्यातला_थ्री
@अलाबामाचा_पाहुणा, डबल ड्रिबल होता, शंभर टक्के. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. एक शिट्टी राहून गेली म्हणून दुसरीही राहू द्यायची? त्याला भरपाई म्हणतात, पंचगिरी नव्हे.

आणि गंमत बघा. तुमचेच तेव्हाचे कोच ब्रूस पर्ल सामन्यानंतर काय म्हणाले? हा फाऊल असेल तर द्या, सुरुवातीला द्या, मध्ये द्या, शेवटी द्या, अशा अर्थाचं. ज्याच्या हातातून फायनल गेली तो माणूस माझ्या बाजूने बोलतोय.

अलाबामाचा_पाहुणा
पर्लनी "असेल तर" म्हटलं होतं. त्या "तर"वर जोर द्या जरा.

जुनी_शिट्टी
मुंबईत बरीच वर्षं आंतरशालेय आणि क्लबच्या सामन्यांना शिट्टी फुंकली आहे. नागपाड्याच्या प्रेक्षकांसमोर शेवटच्या मिनिटाला फाऊल देऊन बघा, मग टीव्हीसमोर बसून बोला.

कोर्टावर तिघे रेफ्री असतात आणि प्रत्येकाचा इलाका ठरलेला असतो. चेंडू घेऊन येणाऱ्याकडे पाहणारा माणूस अशा वेळी बचाव करणाऱ्याच्या हाताकडे पाहत असतो, कारण फाऊल तिथे होतो. जेरोमच्या त्या क्षणी ऑबर्नचा ब्राइस ब्राउन त्याची जर्सी ओढताना व्हिडिओत दिसतो. म्हणजे डबल ड्रिबलच्या आधी कदाचित फाऊल. तोही दिला नाही. ऑबर्नकडे फ्री थ्रो न देता करण्याजोगे फाऊल शिल्लक होते, ते घड्याळ खाण्यासाठी फाऊल करायलाच बघत होते. तेव्हा रेफ्रीच्या डोक्यात काय चाललं असेल याची मला कल्पना आहे. हात पाहू की पाय पाहू?

कोपऱ्यातल्या फाऊलबद्दल मात्र वाद नको. रेफ्री समोर होता, फेकणारा हवेत होता. असा फाऊल जो देत नाही, त्याला मी पुढच्या सामन्याला बोलावणार नाही.

डेमॉइनची_माई
पुरुषांचंच चाललंय का? २०२४ची महिलांची सेमीफायनल क्लीव्हलंडला झाली, आयोवा-यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ, टोपणनाव हस्की). आयोवा ७०-६९ने पुढे, चेंडू यूकॉनचा, पेज बेकर्सला मोकळं करायला तिचीच जोडीदार आलिया एडवर्ड्स स्क्रीन लावते (बचाव करणारीच्या वाटेत आडवी उभी राहते), आणि ३.९ सेकंद उरले असताना तिच्यावरच फाऊल! आमच्या घरात सोफ्यावर उड्या मारल्या गेल्या, नाव कुणाचं सांगत नाही. शेवटी ७१-६९.

लोक म्हणाले आयोवाला, म्हणजे त्यांची स्टार केटलिन क्लार्कला, पुढे ढकललं. अहो, आयोवाची गॅबी मार्शल बचावाला येतेय हे दिसत असताना एडवर्ड्स सरकली, खांदा आणि कोपर पुढे काढलं. स्क्रीन लावणारीने स्थिर राहायचं असतं. मार्शल अडकली ती त्यामुळेच.

हस्कीप्रेमी
माई, तुमचा आदर ठेवून साफ असहमत.

असं स्क्रीन त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंनी कितीतरी वेळा लागलं. यूकॉनचे कोच जीनो ऑरिएमा यांचा मुद्दाच तो होता: असा फाऊल बहुधा दर पझेशनला, म्हणजे चेंडू हाती येईल त्या प्रत्येक वेळी, देता येईल. मग चाळीस मिनिटं ज्या धक्क्याकडे कानाडोळा केला, तो अचानक ३.९ सेकंदांवर पाप कसा होतो? कोपऱ्यातल्या_थ्रीचा नियम मला मान्य आहे, फक्त तो तुमच्याविरुद्ध जातो. पहिल्या मिनिटाला जी पातळी ठेवली, तीच शेवटी ठेवा. रात्रभर सोडलं असेल तर शेवटीही सोडा.

एनबीए स्टार लेब्रॉन जेम्सलाही तो निर्णय पटला नव्हता. तो काही आयोवाद्वेष्टा नाही.

डेमॉइनची_माई
लेब्रॉन रेफ्री कधी झाला? आणि तुमची बेकर्स स्वतः काय म्हणाली तेही सांगा. एका खेळीवर सामना जिंकला किंवा हरला जात नाही म्हणाली. पोरगी शहाणी आहे, चाहते नाहीत.

ओव्हरटाइम
यावर उपाय तांत्रिक आहे हो. क्रिकेटने डीआरएस आणला तसा.

जुनी_शिट्टी
@ओव्हरटाइम, आणला की. महिलांमध्ये कोचचं चॅलेंज (निर्णय व्हिडिओवर पुन्हा तपासायची मागणी) २०२४-२५च्या हंगामापासून आहे, पुरुषांमध्ये २०२५-२६पासून. पण पुरुषांत ते कशासाठी? चेंडू बाहेर कुणाकडून गेला, गोलटेंडिंग (बास्केटकडे खाली येणारा चेंडू बेकायदा अडवणं) झालं का, बचाव करणारा बास्केटखालच्या अर्धवर्तुळात उभा होता का. बस. डबल ड्रिबल त्यात नाही आणि गायच्या कमरेला लागलेला धक्काही नाही. आज तोच सामना पुन्हा खेळवला तरी पर्लना हात चोळतच बसावं लागेल.

एनबीए, म्हणजे व्यावसायिक लीग, २०१५पासून अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल छापते, कुठली शिट्टी चुकली, कुठली राहून गेली. कॉलेजमध्ये तसा अहवाल निघत नाही. निदान तो तरी काढा. त्याने निकाल बदलत नाही, पण रेफ्रीला दुसऱ्या दिवशी उत्तर द्यावं लागतं.

हस्कीप्रेमी
क्रिकेटचं नाव निघालंच आहे तर त्याच २०१९ सालचा लॉर्ड्सचा फायनल आठवा. ओव्हरथ्रोच्या पाच धावा द्यायच्या तिथे सहा दिल्या. तंत्रज्ञान होतं, तिसरा पंच होता, तरी झालंच.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. दोन चुका सारख्या नसतात. राहून गेलेल्या शिट्टीनंतर खेळ चालू राहतो, समोरच्याला काहीतरी करता येतं. चुकीची शिट्टी सगळं थांबवते आणि एकाला फुकट गुण देते. २०२४मध्येच सॅमफर्डचं काय झालं? कॅन्ससविरुद्ध २२ गुणांची पिछाडी भरून काढत एकावर आणली. १४.७ सेकंद उरलेले, कॅन्ससचा टिंबरलेक डंक मारायला (उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये कोंबायला) उडाला, सॅमफर्डच्या स्टॅटन-मक्रेने मागून येऊन स्वच्छ ब्लॉक केला. फाऊल! दोन फ्री थ्रो, सामना खलास, ९३-८९. हे "नियम तोच"चं फळ.

कोपऱ्यातला_थ्री
@हस्कीप्रेमी, सॅमफर्डचा निर्णय चुकला, सेकंदकाटा कुठेही असता तरी चुकलाच असता. ते शिट्टी वाजवल्याचं पाप नाही, नीट न पाहिल्याचं आहे. आणि राहून गेलेली शिट्टी कमी नुकसान करते म्हणता? वर अलाबामाच्या पाहुण्याला विचारा.

तुमचा पातळीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. एडवर्ड्सच्या बाबतीत मी अजूनही द्यायलाच हवा होता म्हणेन, पण पहिल्या मिनिटापासून दिला असता तर ती तशी उभीच राहिली नसती.

आणि "निकाल खेळाडूंनी लावावा" म्हणणाऱ्यांनो, गायला गुण नाही, तीन फ्री थ्रो दिले होते. दोन टाकल्यावर पर्लनी मुद्दाम टाइमआउट घेऊन त्याला उभं करून ठेवलं. तिसरा हुकला असता तर ओव्हरटाइम. यापेक्षा जास्त खेळाडूच्या हातात काय द्यायचं?

अलाबामाचा_पाहुणा
मान्य, पोराने थंड डोक्याने टाकले. पण डबल ड्रिबल दिला असता तर तिथे आमचा माणूस उभा असता.

हार्परने दोनातला एक चुकवला होता, हे कुणी लिहू नका. मला माहीत आहे.