चयापचय म्हणजे केवळ पचन नव्हे

चयापचयाविषयीच्या एका चर्चेत चयापचय म्हणजे खाल्लेल्या अन्नाचे पचन, असे गृहीत धरलेले दिसते. हा अर्थ अपुरा आहे. पचन अन्नमार्गात होते, तर चयापचय ही संज्ञा पेशींमध्ये अखंड चालणाऱ्या सर्व रासायनिक अभिक्रियांना लागू पडते, त्यामुळे ज्यांना पोटच नाही अशा जीवाणूंचे आणि वनस्पतींचेही चयापचय असते.

माणसाच्या तांबड्या रक्तपेशीचेच उदाहरण घ्यावे. तिच्यात तंतुकणिका (मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणारे पेशीतील सूक्ष्म घटक) नसल्यामुळे, जो ऑक्सिजन ती शरीरभर वाहून नेते तो ऊर्जेसाठी स्वतः वापरणे तिला शक्य नसते (गंमतच म्हणायची); ती ग्लुकोजच्या एका रेणूचे १० टप्प्यांत पायरुव्हेट या लहान संयुगाच्या २ रेणूंमध्ये विघटन करते आणि एवढ्या खटाटोपातून एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे) निव्वळ २ रेणू तिच्या पदरात पडतात. प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र विकर (एन्झाइम, म्हणजे अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन) लागते. शेवटच्या टप्प्यातील पायरुव्हेट कायनेज या विकरात जन्मजात दोष असेल, तर या पेशी अकाली नष्ट होऊन रक्तक्षय होतो. अन्नाचे पचन मात्र तेव्हाही व्यवस्थित चालू असते.

‘चयापचय मंद आहे’ हा वजनवाढीसंदर्भातला शब्दप्रयोग मला सैल वाटतो, कारण तिथे बहुधा पूर्ण विश्रांतीच्या स्थितीत होणारा ऊर्जेचा खर्च, म्हणजे मूलभूत चयापचय दर, एवढेच अभिप्रेत असते.