चिंटू चित्रकाराचा की जोडीचा?

काल माळा आवरताना 'चिंटू' या चित्रपट्टीच्या कात्रणांची जुनी वही सापडली, कात्रणं पिवळी पडलीत आणि डिंकाचे डाग तसेच. १९९१ ला 'सकाळ'मध्ये सुरू झाला तेव्हा पेपर आला की आमच्याकडे आधी चिंटू मग बाकी सगळं. माझं मत सांगतो, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर अशी दोन नावं असली तरी चिंटू खरा पंडितांचा, म्हणजे चित्रं काढणाऱ्याचा, कारण डोळे मिटले की चेहराच दिसतो, वाक्य एकही आठवत नाही. हाणा आता!

कोथरूडकर: काहीही! चेहरा बघायला कोण रोज पेपर उघडतं हो? तीन-चार चौकटी, तोच बगळ्या, त्याच जोशीकाकू, तोच बॉल आणि तरी रोज नवं काहीतरी हवं, खायचं काम नाही ते. ॲस्टेरिक्स हे फ्रेंच कॉमिक घ्या, लिहिणारे गोसिनी १९७७ मध्ये गेले, चित्रकार उदेर्झोंनी पुढे एकट्याने चालवलं, चित्रं तीच पण ती मजा नाही असं फॅन लोकच म्हणतात.

पेठेतला: मग आर. के. लक्ष्मण? शेवटची वर्षं इथे पुण्यातच होते. कल्पना त्यांची, रेघ त्यांची, १९५१ पासून कॉमन मॅन, आणि तो तर बोलतसुद्धा नाही. हात चांगला असला की जोडीदार कशाला?

कोथरूडकर: अहो त्यांना मसाला पुढारी पुरवायचे, रोज ताजा. घरातल्या पोराच्या गोष्टीला बातमी कुठली? तिथे "हे जमलं नाही, दुसरं काढ" म्हणणारं कुणीतरी शेजारी लागतंच.

रेघोट्या: हे बरोबर. कॉलेजच्या अंकासाठी मी आणि एक मित्र पट्टी करायचो, तो संवादाच्या एकेका फुग्यात एवढं लिहायचा की मला डोकं काढायला जागा उरायची नाही, मग टपरीवर भांडून भांडून शब्द खोडायचे, दोन चहा झाले की चारच शब्द उरायचे आणि मग हसू यायचं. ते चार त्याचे, पण बाकीचे खोडले कुणी? (चहाचे पैसे मात्र कायम मीच दिले.)

मूळ लेखक: थांबा, वहीत आत्ता बघितलं. एका पट्टीत शेवटच्या चौकटीला फुगाच नाहीये, नुसता चिंटूचा पडलेला चेहरा आणि खरी गंमत तिथेच आहे. मी म्हणणार चित्रकाराची, कोथरूडकर म्हणणार तिथे गप्प बसायचं हे लिहिणाऱ्याला सुचलं असेल. बोला!

कोथरूडकर: म्हणणारच! फोटो टाका आधी.