आधी पंखा उघडा, विंडोज नंतर
तुम्ही विचारलंय, मुलीसाठी घेतलेला जुना थिंकपॅड टी-४३० लॅपटॉप दुपारी आपोआप बंद पडतो, तर विंडोज पुन्हा टाकू का? थांबा हो, आधी पंखा बघा. माझं मॉडेलही हेच, नागपूरच्या सीताबर्डीतून घेतलेलं. पहिल्याच मे महिन्यात असंच व्हायचं. उघडलं तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीचा जाड थर, अक्षरशः चिमटीत धरून सोलून काढला. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप, खडूसारखी कोरडी झाली होती. जाळी ब्रशने साफ केली, वाटाण्याहून लहान थेंब नवी पेस्ट लावली, तेव्हापासून बंद पडणं थांबलं. धूळ उडवायला हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. आणि कुलरच्या थेट झोतात लॅपटॉप नको, तुषार आत जातात.

मग जुन्या हार्ड डिस्कच्या जागी साधी २.५ इंची साटा एसएसडी (वेगवान डिस्क) टाका. रॅम डीडीआर३ प्रकारची लागते, दोन स्लॉट आहेत. ८ जीबी पुरेशी.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला हा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. मुलीला आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघू द्या, डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा सगळं तपासता येतं.