पांढरा धूर म्हणजे नुसती वाफ नव्हे

पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळ्यांच्या, कारखान्याचा विस्तार झाला तरी ‘चिमणीतून वाफच तर येते’, असं एका दादांनी म्हटलंय. हे पटत नाही. फोंड्यात माझं फर्निचरचं काम आहे. नवीन बोर्डांचा गठ्ठा सोडला की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. तो फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू, युरियाच्या गोंदातला. कर्करोग संशोधनाच्या जागतिक संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणारा ठरवलं. कारखान्यात तोच गोंद गरम प्रेसखाली भाजतो. त्याआधी भुसा ड्रायरमध्ये तापतो, तेव्हा लाकडातली राळ आणि मिथेनॉल हवेत जातं. पिशव्यांचे फिल्टर धूळ अडवतात, वायू नाही. वायू जाळायला वेगळी भट्टी लागते, आणि तिला स्वतःचं इंधन लागतं.

मुख्य मुद्दा एकूण वजनाचा. चिमणीतून सोडायच्या प्रदूषणाची मर्यादा बहुतेक वेळा दर घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम अशी असते. उत्पादन दुप्पट झालं, तर तो आकडा तोच दिसेल आणि वर्षाचे टन दुप्पट होतील. आपल्याकडे १९८१च्या हवा कायद्याखाली प्रदूषण मंडळाची संमती लागते. विस्ताराचा असा अर्ज आला तर विचारा: वर्षाला किती टन, आणि कुठल्या चिमणीतून?