मदत हवी आहे: साखळदंडातल्या माणसाचा मग, जुना की नकली?

कानतुटका कप
बर्मिंगहॅमजवळ राहतो. गेल्या रविवारी कार बूट सेलमध्ये (लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनंपानं विकतात, तो बाजार) सहा पौंडांना चिनी मातीचा एक मग घेतला. चारेक इंच उंच, पांढरा. त्यावर काळ्या छापात गुडघा टेकून हात जोडलेला माणूस, मनगटांना साखळ्या. खाली इंग्रजीत ओळ: 'मी माणूस नाही का, भाऊ नाही का?'

चित्राचं मूळ माहीत आहे. १७८७ साली स्टॅफर्डशायरचा भांडी-कारखानदार जोसाया वेजवुड याने गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीसाठी याच चित्राचं पदक काढलं. बायका ते बांगड्यांत, केसांच्या पिनांत मिरवायच्या. पुढे ते चित्र मगांवर आणि इतर भांड्यांवरही चढलं. वेस्ट इंडीजची साखर गुलामांच्या कष्टावर पिकायची. बायकांना मत नव्हतं, पण घरात साखर कुठली आणायची ते त्यांच्या हातात. म्हणून प्रचार थेट चहाच्या टेबलावर! १८२०च्या दशकातल्या साखरेच्या काही भांड्यांवर तर चक्क हिशेब छापलाय: सहा कुटुंबांनी वेस्ट इंडीजऐवजी ईस्ट इंडियाची साखर वापरली तर एक गुलाम कमी लागेल.

इथे मला जरा ठसका लागतो. ती 'सोवळी' साखर आपल्याकडची, मुख्यतः बंगालची. आणि साम्राज्यातली गुलामगिरी बंद करायचा १८३३चा कायदा झाला, त्यातून कंपनीचा मुलूख वगळला. हिंदुस्थानसाठी कायदा यायला १८४३ उजाडलं. हे कुठल्या भांड्यावर छापणार?

असो, मुद्द्यावर येतो. मगाच्या तळाला शिक्का नाही. कानाचा टवका उडालाय. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, आजीच्या कपाटातला आहे. पण तिथे सगळंच आजीच्या कपाटातलं असतं. खरा जुना आहे हे कसं ओळखायचं?

दुसरं, आई सांगलीहून आलीये. टवका उडालेला कप घरात ठेवू नये म्हणते, आणि काल त्यातच चहा ओतून घेतला. चालेल ना?

भट्टीवाली
आधी काकूंच्या हातातून तो मग काढून घ्या. जुन्या झिलईत शिसं असायचं. त्यात टवका उडालेला आणि वर गरम चहा, नकोच.

आता ओळखायचं कसं. सोनार वापरतो तसलं भिंग लावून छाप बघा. तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्याचा ठसा पातळ कागदावर घ्यायचे आणि तो ओला असतानाच भांड्यावर दाबून बसवायचे. त्यामुळे रेघा कोरीव दिसतात, कुठे कागदाची चुणी पडलेली असते, कुठे सांधा जुळलेला नसतो. पेपरातल्या फोटोसारखे सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले की समजा, फसलात. तळाच्या कडेला, जिथे झिलई साचते, तिथे निळसर झाक असेल तर आशा धरायला हरकत नाही. शिक्का नसल्याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट तळाला 'इंग्लंड' लिहिलेलं असतं तर बहुतेक १८९१ नंतरचा निघाला असता. अमेरिकेने तेव्हापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

एवढ्यावर अस्सल ठरत नाही हं, नकली मात्र पकडता येतो. छापाचा आणि तळाचा जवळून फोटो टाका.

कानतुटका कप
धन्यवाद ताई! भिंग नाही, फोननेच बघितलं. ठिपके नाहीत. कानाजवळ केसाएवढी चुणी आहे, आणि तिथे साखळीची एक कडी दुसरीशी जुळतच नाही. निळसर झाक आहे की मीच ती बघतोय, कळेना. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो.

आईला शिशाचं सांगितलं. काही न बोलता तिने मग विसळला आणि शोकेसमध्ये ठेवला, टवका भिंतीकडे करून.